एल्रॉय सॅटरव्हाइटचं तीन शब्दांचं वाक्य

एल्रॉय सॅटरव्हाइटला आमच्या नाटकमंडळीत घेतलं ते मी. तो आला तेव्हा दारात टोपी हातात धरून इतका वेळ उभा होता की मला वाटलं, वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आलाय. शेवटी मीच विचारलं, "काय हवंय?" तर म्हणाला, "एक वाक्य."

"कसलं वाक्य?"

"नाटकातलं. बोलायला. एकच चालेल."

त्याची बायको व्हर्डेल जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिच्या अंत्यविधीला मी होते. सगळे बोलून झाल्यावर एल्रॉय उठला, पुढे गेला, माइकसमोर उभा राहिला. लोक आमच्याकडच्या रीतीप्रमाणे "सावकाश, भाऊ, सावकाश" म्हणत होते. त्याने इतकं मनावर घेतलं की तोंडच उघडलं नाही. मग तो वळला आणि जागेवर येऊन बसला. बेचाळीस वर्षांच्या संसारावर एक शब्द नाही. व्हर्डेलची थोरली बहीण, न्यू जेरिको चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवणाऱ्या बायकांची प्रमुख, जिला सगळं गॅरी शहर मदर पेटिग्रू म्हणतं, तिने त्या दिवसापासून एल्रॉयशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जायची, आणि पलीकडे फुटपाथ नसला तर चिखलातून जायची.

तर या माणसाला चारचौघांत एक वाक्य बोलून दाखवायचं होतं. चार वर्षांत मी ते त्याला देऊ शकले नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

आमची मंडळी जुन्या स्केटिंगच्या हॉलमध्ये नाटकं करते; रंगमंच म्हणजे त्याच फरशीवर लावलेला पडदा. आमचा नियम एकच: नाटक नवं पाहिजे, आपल्या लोकांचं पाहिजे आणि एकदा झालं की पुन्हा नाही. लिहिणारे इथलेच. कुणी पोस्टात, कुणी दवाखान्यात, कुणी अजून शाळेत. आणि सगळ्यांच्या नाटकात कुठेतरी एक गप्प म्हातारा असतोच. का ते विचारू नका, प्रत्येकाच्या घरात एक असतो म्हणून असेल. एल्रॉयने ते सगळे म्हातारे केले. बसमध्ये झोपलेला, न्हाव्याकडे पेपर वाचणारा, कोर्टातल्या ज्युरीमधला सातवा. बसमधला करताना तो खरंच झोपला आणि घोरला, तर स्थानिक पेपराने लिहिलं की हा नट शांतपणे बरंच काही सांगून जातो. त्याने ते कात्रण मला परत आणून दिलं. म्हणाला, "यात वाक्य नाही, आर्नेटा."

त्यात त्याची चूक नव्हती. पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. साठ फूट उंचावर काचेच्या खोपटात एकटा बसून खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर वितळलेलं लोखंड इकडून तिकडे न्यायचं. बोलायचं कुणाशी? घरी आल्यावर व्हर्डेल दोघांचं मिळून बोलायची. आणि गावाला तो तसाच आवडायचा, कारण आमच्या गावात ऐकून घेणाऱ्यांची टंचाई आहे.

मग यंदा केझाया प्रुइट नावाच्या मुलीने नाटक आणलं. वाचनालयात काम करते, वय सव्वीस, चष्म्यामागून माणसाकडे असं बघते की आपण उशिरा परत केलेलं पुस्तक वाटावं. नाटकात बापाचा अंत्यविधी चालू आहे, आणि शवपेटीसमोर तीन मुलं घरावरून भांडताहेत. बाप पहिल्यापासून पेटीत. आणि अगदी शेवटच्या प्रवेशात तो उठून बसतो आणि म्हणतो, "मी सगळं ऐकलंय." पडदा.

मी एल्रॉयला सांगितलं, "दीड तास मेलेला राहायचं आणि मग तीन शब्द."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. काही बोलला नाही, अर्थात.

सहा आठवडे त्याने ते तीन शब्द पाठ केले. माझ्यासमोर केले, केझायासमोर केले, पार्किंगमध्ये गाडीत बसून केले. कधी "मी" वर अडायचा, कधी "सगळं" वर. शेवटच्या आठवड्यात मात्र बोलायला लागला. आवाज खरखरीत होता, पण आला. त्या दिवशी मी त्याला माझ्या हातचा रताळ्याचा केक खायला दिला, आणि तो मी सहसा कुणाला देत नाही.

आता झालेली चूक सांगते.

पेटी आम्हाला गेदरसाहेबांनी दिली. त्यांचं अंत्यविधीचं सगळं करून देणारं फ्युनरल होम आहे. दुकानातली मांडून ठेवलेली पेटी होती, आतून निळं रेशीम आणि खाली चाकांचा गाडा. केझाया त्यांना म्हणाली, नाटकाची पत्रिका अंत्यविधीच्या पत्रिकेसारखी छापून द्याल का? गेदर खूश झाले, कारण ते चाळीस वर्षं तेच छापताहेत. वर माणसाचा फोटो, खाली नाव, त्याखाली 'सूर्योदय' म्हणजे जन्मतारीख आणि 'सूर्यास्त' म्हणजे दुसरी. पोरीने नाटकातल्या बापाचं नाव लिहून दिलं होतं. गेदरनी फोटो पाहिला, तो एल्रॉयचा होता. मग त्यांनी ते नाव खोडून एल्रॉयचं घातलं. मी नंतर जाब विचारला तर शांतपणे म्हणाले, "ताई, ज्याचा फोटो त्याचं नाव. यात मी आजवर एकदाही चुकलो नाही."

सूर्यास्ताची तारीख त्यांनी त्याच आठवड्यातली घातली. वेळ शनिवार सकाळी अकरा, स्थळ स्केटिंगचा हॉल. 'नाटक' हा शब्द होता, मागच्या पानावर, त्यांच्या जाहिरातीखाली. आणि सवयीप्रमाणे त्यांनी गठ्ठे नेऊन ठेवले: न्हाव्यांकडे, पार्लरांत, अकरा चर्चच्या दारांत. माझ्या हातात पत्रिका गुरुवारी आली. मी म्हटलं, वा, काय हुबेहूब केलीय. इतकी अक्कल मी चालवली.

न्यू जेरिकोचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं होतं, म्हणून अंत्यविधी हॉलमध्ये का, असं कुणी विचारलं नाही. एल्रॉयला फोन करून बघावं, तर तो फोन कधी उचलतच नाही. शुक्रवारी पेट्रोल पंपावर त्याला एका बाईने पाहिलं. तिने गावभर सांगितलं की मला एल्रॉयचा आत्मा दिसला, आणि तब्येत चांगली होती.

शनिवारी साडेदहाला मी विंगेतून डोकावले तर हॉल भरलेला. आमच्या नाटकाला चाळीस माणसं म्हणजे गर्दी. इथे दीडशे, सगळी काळ्या कपड्यांत, बायका मोठाल्या टोप्या घालून. मागच्या टेबलावर तळलेलं चिकन, मॅकरोनी, हिरव्या पाल्याची पातेली, चार केक. दफनानंतरचं जेवण आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, ते आपोआप येतं. दारात तिकिटं फाडणारा पोरगा भिंतीला चिकटून उभा होता, कारण दाराचा ताबा मदर पेटिग्रूने घेतला होता. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, बरोबर तशाच सहा बायका. एकाला जरी त्यांच्या परवानगीशिवाय खुर्ची मिळाली असेल तर शपथ.

मी तिच्याकडे धावले. म्हटलं, "मदर, ऐका, हे नाटक..."

तिने हातमोजा घातलेलं बोट ओठांवर ठेवलं, माझं कोपर धरलं आणि मला तिसऱ्या रांगेत बसवलं. मला स्वच्छतागृहाच्या बाजूने वळसा घालून परत रंगमंचावर यावं लागलं.

एल्रॉय तोपर्यंत पेटीत आडवा झालेला. निळा सूट, हात पोटावर. मी वाकले. "एल्रॉय, मोठा घोळ झालाय. लोकांना वाटतंय तू खरंच गेलास."

तो ओठ न हलवता म्हणाला, "किती लोक?"

"दीडशे."

"व्हर्डेलची बहीण?"

"दारात उभी आहे."

त्याने पोटावरचे हात नीट जुळवले. मग म्हणाला, "म्हणजे आली."

"मी बाहेर जाऊन सांगते आणि बंद करते हे सगळं."

"माझं वाक्य आहे, आर्नेटा."

"अरे तू उठून बसलास तर चार-पाच जण जागेवर जातील. पहिल्या दोन रांगांत एकही माणूस ऐंशीच्या खाली नाही."

"सहा आठवडे पाठ केलंय."

"तीन शब्द आहेत."

"पाठ केलेत," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याच्या गालाचा स्नायू थरथरत होता. मेलेल्याचा थरथरायला नको, असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण नाही सांगितलं. देवा, हा माणूस किती घाबरलाय, एवढंच मला कळलं, आणि मी दिवे लावायला गेले.

तुम्ही म्हणाल, नाटक सुरू झाल्यावर तरी लोकांना कळलं असेल. कसं कळणार? पडदा सरकला, पेटीसमोर तीन माणसं घरावरून भांडायला लागली. आमच्याकडच्या प्रत्येक अंत्यविधीला हेच होतं. लोक माना हलवू लागले. मोठा मुलगा म्हणाला, "घर माझ्या नावावर करीन असं बाबा म्हणाले होते," तर पाचव्या रांगेतून एक बाई म्हणाली, "कागद दाखव."

फक्त एकच अडचण झाली. एल्रॉय आणि व्हर्डेलला मूल नव्हतं.

ते लोकांच्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली. मग टोप्या एकमेकींकडे झुकल्या. मला विंगेत ऐकू येत होतं.

"ही तिघं कुणाची म्हणे?"

"बाबा म्हणताहेत ना त्याला."

"तीन? आणि त्या बिचारीला माहीत नव्हतं?"

"म्हणून तर तोंड उघडत नव्हता. मी पहिल्यापासून म्हणत होते, इतका गप्प माणूस काहीतरी लपवत असतो."

माझ्या शेजारी केझाया उभी होती. ती कुजबुजली, "मिस आर्नेटा, त्यांना नाटक आवडतंय का?"

"अगं त्यांना नाटक चाललंय हेच माहीत नाही."

"म्हणजे आवडतंय," ती म्हणाली. लिहिणारी माणसं अशीच.

पुढच्या प्रवेशात पाद्री म्हणतो, "ज्यांना दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी पुढे यावं," आणि थोरला मुलगा पुढे येतो. पाद्रीचं काम आमचा पोस्टमन करतो. त्याने वाक्य म्हटलं आणि थोरल्याने पाऊल उचलायच्या आत प्रेक्षकांतली चौदा माणसं रांग लावून उभी राहिली. मदर पेटिग्रू घड्याळ हातात घेऊन रंगमंचाच्या कडेला आली. "प्रत्येकी दोन मिनिटं," ती म्हणाली. आमच्याकडे हे प्रत्येक अंत्यविधीला सांगतात आणि कुणी पाळत नाही. पण मदर पेटिग्रू असली की पाळतात. तिने एकदा बिशपला वाक्याच्या मध्यावर खाली बसवलंय.

पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

पहिला आला लेम्युएल ग्रँडी, क्रेनच्या खाली उभं राहून एल्रॉयला हातवारे करणारा. "एकतीस वर्षं मी त्याच्या खाली उभा होतो," तो म्हणाला. "त्याने माझ्या अंगावर काहीही टाकलं नाही. मित्राकडून मी याहून जास्त काही मागणार नाही."

मग न्हावी आला. "दर दुसऱ्या शुक्रवारी यायचा. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा म्हणाला, थोडे कमी कर. मी अजून करतोय."

मग पेट्रोल पंपावरची बाई आली आणि तिने आत्म्याचं वर्णन केलं. एकामागून एक माणसं येत होती आणि सगळ्यांचं म्हणणं तेच: चांगला होता, कधी बोलला नाही. प्रत्येकाच्या बोलण्यानंतर हॉलमधून "खरंय, खरंय" असं येत होतं. मी एल्रॉयच्या तोंडाकडे बघत होते. जिवंतपणी आपला अंत्यविधी ऐकायला मिळणं ही चैन वाटेल कुणाला. मला तर त्याची दया आली. दीडशे माणसं माया करत होती, पण जो तो कधी नव्हताच अशा माणसावर.

रांग संपली. मग मदर पेटिग्रूने घड्याळ शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि स्वतः माइकसमोर उभी राहिली. 

"माझ्या बहिणीच्या वेळी," ती म्हणाली, "या माणसाला एक शब्द सुचला नाही. चार वर्षं मी विचार करत होते की का सुचला नाही. देवाजवळ विचारलं. उत्तर आलं नाही. आज बघते तर तीन उत्तरं इथे उभी आहेत, नव्या सुटांत."

तिने नटांकडे बोट केलं. थोरला मुलगा, जो एरवी विमा विकतो, तो इतका घाबरला की म्हणाला, "सॉरी, मॅडम."

"तुझा दोष नाही, बाळा," ती म्हणाली. "माझी व्हर्डेल याला देवमाणूस म्हणायची. ती गेली, आणि तिच्या घरात बसून..."

एल्रॉय उठून बसला.

माझा हात दिव्यांच्या बटणावर होता. शेवटच्या प्रवेशाला अजून अर्धा तास होता. निळ्या रेशमातून तो सरळ उठला, हॉलकडे बघितलं आणि म्हणाला, "मी सगळं ऐकलंय."

स्पष्ट. एका दमात. कुठेही न अडता. केझायाने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता.

हॉलमध्ये कुणी किंचाळलं नाही. एक केक खाली पडला. पाचव्या रांगेतली बाई पर्स उचलून दाराकडे चालू लागली, सावकाश, जणू गॅस बंद करायचा राहिलाय. एल्रॉयच्या उठण्याने पेटीचा गाडा सुटला आणि स्केटिंगच्या त्या गुळगुळीत फरशीवरून पहिल्या रांगेकडे निघाला. गेदरसाहेबांनी बसल्या जागेवरून पाय लावून तो थांबवला. "माझ्याकडच्या कुणाचं असं कधी झालेलं नाही," ते शेजाऱ्याला म्हणाले.

पेटी बरोबर मदर पेटिग्रूसमोर येऊन थांबली होती. दोघांत दोन हातांचं अंतर. ती जागची हलली नाही.

"एल्रॉय," ती म्हणाली, "एक तर तू मेला आहेस, नाही तर माझ्या मध्ये बोलतो आहेस. नक्की काय ते सांग."

"मध्ये बोलतोय, मदर."

"मग थांबायचं होतंस. मी संपवत आले होते."

"ही पोरं माझी नाहीत. नाटकातली आहेत. हा विमा विकतो."

थोरल्याने मान डोलावली, आणि खिशातून कार्डही काढलं.

झालं होतं त्याचं वाक्य. हवं होतं त्याहून जास्तच झालं होतं. मी पडदा ओढायला हात घातला, पण एल्रॉयने पेटीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या आणि त्याचं तोंड अजून उघडं होतं.

"व्हर्डेल रोज चादर वाळत घालायची," तो म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "सावकाश, भाऊ."

"पिवळी चादर. तू तिला हसायचीस, मदर. धुतलेलीच चादर रोज धुते, डोकं फिरलंय म्हणायचीस. कारखान्याची वरची एक काच फुटलेली होती. माझ्या खोपटातून त्या भोकातून आमचं अंगण दिसायचं. फक्त अंगण, फक्त दोरी. मी तिला एकदा सांगितलं की दोरी दिसते. दुसऱ्या दिवशी दोन वाजता चादर. बर्फ पडला तरी चादर, लाकडासारखी ताठ व्हायची. तुमच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशीही ती मध्येच घरी गेली होती. तू विचारलंस कुठे गेली होतीस, तर म्हणाली, चूल बघायला."

मदर पेटिग्रूचा हात माइकवरून खाली आला.

"मला तिथून काहीच करता यायचं नाही. हात हलवला तर तिला दिसणार नाही. तिला कधी कळायचंच नाही की मी पाहिली का नाही. म्हणून संध्याकाळी घरी गेलो की म्हणायचो, चादर छान वाळलीय. एकतीस वर्षं. तुम्ही सगळे म्हणता मी बोलत नव्हतो. मी रोज बोलत होतो. त्या दिवशी चर्चमध्ये हेच सांगायला उभा राहिलो होतो. पण तिथे उभा राहिल्यावर वाटलं, चादरीबद्दल काय सांगायचं, लोक हसतील. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं."

कुणी हसलं नाही. केझाया रडत होती आणि वहीत लिहीतही होती. मी कठोर बाई आहे, पण मला समोरचं नीट दिसेनासं झालं.

एल्रॉयच्या ध्यानात आलं असावं की आपण बराच वेळ बोलतोय. चार वर्षांत बोलला नसेल इतकं तो एका पेटीत बसून बोलला होता, आणि अजून त्याच्या ओठांवर काहीतरी होतं. त्याने शेजारच्या बाईच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मग मेहुणीकडे. लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "माझी दोन मिनिटं संपली असतील, मदर."

त्या बाईने घड्याळ पुढे केलं. मला विंगेतूनही काटा दिसत होता. पाच मिनिटं झाली होती. मदर पेटिग्रूने ते हातात घेतलं, निरखून पाहिलं आणि पालथं करून छातीशी धरलं.

"अजून सुरूही झालेली नाहीत," ती म्हणाली. "बोल, एल्रॉय."